चौदा पट्ट्यांची शिकवणी

वाचकहो, आमचे शिक्षण बी.कॉम.पर्यंत झाले आहे. गेली बावीस वर्षे आम्ही लेखा विभागात कारकुनी करतो. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतली अभ्यासिका पाहतो. कुणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दे, कुणाचा जातीचा दाखला काढून दे, कुणाच्या परीक्षेच्या फीसाठी चार जणांकडून वर्गणी गोळा कर, असे आमचे कार्य. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे एक फजिती सांगायची आहे. ती कोणाची झाली, हे आधी कळलेले बरे.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही मोटार घेतली. नवी नव्हे, २०१९ सालची, दुसऱ्याने वापरलेली, लहानशी. सहचारिणीचे गुडघे दुखतात. चेंबूर स्टेशनचे जिने चढणे तिला जमेनासे झाले होते. पतपेढीचे कर्ज काढले, थोडी शिल्लक मोडली आणि गाडी दारात आली. इमारतीतली लहान मुले काचेला नाक लावून आत पाहू लागली. आमची कन्या बारावीला आहे. ती आत जाऊन बसली, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, “पप्पा, गाडी छान आहे. पण समोरचा भाग तुमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटासारखा दिसतो.”

खरेच होते ते. डॅशबोर्ड करड्या प्लास्टिकचा, अगदी कोरडा. आणि आमच्या मनात तर एक जुनी पट्टी घर करून बसलेली. नोकरी लागली त्या वर्षी मोठ्या साहेबांची सही घ्यायला आम्ही फाइल घेऊन त्यांच्या मोटारीपर्यंत धावत जात असू. साहेब आत बसून सही करीत आणि आम्ही उघड्या दारापाशी वाकून उभे राहत असू. त्या मोटारीच्या डॅशबोर्डावर लाकडाची चकचकीत पट्टी होती. तपकिरी रंग, आत काळसर वलये. तिच्यावरून एकदा बोट फिरवून पाहावे असे फार वाटे. कधी फिरवले नाही. स्वतःची गाडी झाली तेव्हा पहिली आठवण झाली ती त्या पट्टीची.

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक आडवी फळी असे, तिचे हे नाव. मोटार आली, घोडा गेला, पण फळी राहिली, आणि तिच्यावर काटे, दिवे, बटणे येऊन बसली. सुरुवातीच्या मोटारींच्या सांगाड्यातही लाकूड पुष्कळ असे. घोडागाड्या बांधणारे कारागीरच त्या बांधत. पुढे सांगाडा लोखंडी झाला, तरी रोल्स-रॉइस, जग्वार अशा महागड्या इंग्रजी मोटारींनी डॅशबोर्डावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा लावण्याची रीत ठेवली. झाडाला गाठी येतात, त्या चिरल्या की तशी वलये दिसतात. आमच्यासारख्यांना बाजारात मिळते ते मात्र बहुधा प्लास्टिकच. लाकडाचे चित्र छापलेली फिल्म पाण्यावर तरंगत सोडतात, तिच्यावर औषध फवारून ती मऊ करतात आणि प्लास्टिकचा तुकडा वरून हळूच बुडवतात. चित्र तुकड्याच्या वळणावळणाला जाऊन बिलगते. वरून पारदर्शक लेप, मागे फोमची डबल टेप. झाले लाकूड तयार.

मोटारीच्या अशा सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड प्रसिद्ध आहे. आम्ही एका शनिवारी ऑफिस सुटल्यावर तेथे गेलो आणि चौदा तुकड्यांचे किट चौदाशे पन्नास रुपयांना घेतले. दुकानदार म्हणाला, “फिटिंगचे चारशे वेगळे.” आम्ही म्हणालो, “नको. चिकटवायचंच तर आहे.” चारशे रुपये वाचवले याचा आनंद झाला. पण खरे सांगायचे तर कारण वेगळे होते. त्याच रस्त्यावर, थोडे पुढे, आमचा भाचा एका दुकानात फिटिंगचे काम करतो. त्याच्या दुकानावरून जावे लागू नये म्हणून आम्ही पलीकडच्या फुटपाथने परत आलो.

भाच्याशी आमचे बोलणे पाच वर्षे बंद होते. बंद आम्हीच केले होते. तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता, २०१९ साली, आणि अचानक कॉलेज सोडून त्या दुकानात लागला. आम्हाला राग आला. अभ्यासिकेत आम्ही दुसऱ्यांच्या पोरांना शिका म्हणून सांगायचे, आणि आमच्याच ताईचा मुलगा शिक्षण सोडून मोटारींना सीटकव्हर चढवतो! ताईच्या घरी पाहुणे जमले होते. त्यांच्यादेखत आम्ही त्याला म्हणालो, “पेचकसच धरायचा होता तर पेन कशाला धरलास?” तो काही बोलला नाही. खाली मान घालून बाहेर गेला. त्या दिवसापासून तो आमच्या घरी आला नाही, आणि आम्ही त्याला बोलावले नाही.

असो. दुसऱ्या दिवशी रविवार. अभ्यासिका सकाळीच उरकली आणि दुपारी बाराच्या उन्हात आम्ही आवारात कामाला लागलो. आधी डॅशबोर्ड स्वच्छ हवा म्हणून बाजारातले चकाकी आणणारे पॉलिश लावून तो लख्ख पुसला. मग पहिली पट्टी घेतली, मागच्या टेपचा कागद एका दमात सोलला आणि ठेवून दाबली. वाकडी बसली. काढायला गेलो तर निघेना. नखाने उचकटली तर टेप अर्धी पट्टीला, अर्धी डॅशबोर्डाला. तो चिकटा काढायला माळ्यावरची थिनरची बाटली आणली, फडक्यावर ओतली आणि घासली. चिकटा गेला, पण त्याबरोबर प्लास्टिकचा रंगही गेला. तळहाताएवढा पांढरट डाग पडला, आणि तेथले प्लास्टिक मऊ होऊन खरखरीत झाले.

आम्ही घाबरलो. डाग झाकायला सर्वांत लांब पट्टी शोधली. ती शेजारच्या आसनासमोर, वरच्या बाजूला बरोबर बसत होती. ती ठोकून बसवली. कन्या बाजूला उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “पप्पा, तिथं काहीतरी अक्षरं होती. एसआरएस एअरबॅग. ती झाकली गेली.” आम्ही म्हणालो, “अक्षरं वाचायला कोण बसलंय तिथं? तू अभ्यासाला जा.”

आयुष्यभर लोकांना ‘नीट वाचून सही करा’ असे सांगणारा माणूस हे वाक्य बोलला, वाचकहो. लिहून ठेवतो.

तीन तासांत चौदा तुकडे लागले. दोन तिरपे होते, एकाने एसीचा झरोका अर्धा झाकला होता, पण लांबून गाडी साहेबांची दिसत होती. बुधवारपर्यंत तीन पट्ट्यांनी माना टाकल्या. गुरुवारी एक सहचारिणीच्या मांडीवर पडली. ती काही बोलली नाही. तिने ती पट्टी पदराने पुसली, पर्समध्ये ठेवली, आणि घरी आल्यावर आम्हाला न सांगता ताईला फोन केला.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता दारावर टकटक झाली. दारात भाचा उभा. पाच वर्षांत अंगाने भरला होता, हाताची बोटे काळवंडली होती. खांद्याला पिशवी. “जयभीम, मामा. मामींनी बोलावलं.” आम्हाला शब्द सुचेना. सहचारिणी आतून म्हणाली, “आधी चहा घे रे.” तो म्हणाला, “मामी, ऊन चढायच्या आत काम करतो. चहा मग.”

खाली येऊन त्याने गाडीचे दार उघडले, आणि बाकीच्या लोंबणाऱ्या पट्ट्यांकडे पाहिलेही नाही. शेजारच्या आसनासमोरच्या त्या लांब पट्टीवर बोट ठेवले. “मामा, ही कुणी लावली?” आम्ही गप्प. “ही आधी काढू. इथं मामी बसतात ना?”

मग त्याने जे सांगितले ते आम्ही प्रत्येक मोटारवाल्याला सांगत असतो, म्हणून येथेही लिहितो. त्या झाकणाखाली एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. जोराची धडक बसली की यंत्रणेला ते कळते, वायू तयार होतो आणि ती पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगून बाहेर येते. पापणी लवायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. झाकणाला आतून मुद्दाम कच्च्या रेषा ठेवलेल्या असतात, तेथून ते फाटावे म्हणून. वर कडक पट्टी चिकटवली तर ते फाटण्यात अडथळा येऊ शकतो, नाहीतर ती पट्टीच गोळीसारखी सुटून समोर बसलेल्याच्या तोंडावर येते. “म्हणून तर तिथं नाव कोरलेलं असतं, मामा. झाकायचं नाही म्हणून.”

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठी सक्ती २०२१ पासून आली. आमच्या गाडीत दोन्ही आधीपासून होत्या. पैसे मोजून जीव वाचवणारी वस्तू घेतली होती, आणि चारशे रुपये वाचवून, एक डाग लपवायला, आम्ही तिच्याच तोंडावर पट्टी ठोकली होती. समोर बसणार होती सहचारिणी. आम्ही गाडीच्या दाराला धरून उभे राहिलो. पाय गार पडले होते.

भाच्याने पिशवीतून नायलॉनचा बारीक दोरा काढला. दोन टोके दोन हातांत धरून त्याने तो पट्टीच्या मागे घातला आणि करवतीसारखा पुढेमागे ओढत नेला. फोम कापला जाऊन पट्टी अलगद हातात आली. “दुसरीकडं हेअर ड्रायरनं जरा गरम केली की लवकर निघते. पण एअरबॅगवर उष्णता नको.” उरलेला चिकटा त्याने अंगठ्याने चोळून गोळ्या गोळ्या करून काढला. खालचा पांढरा डाग उघडा पडला. त्याने एकदा डागाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले. “थिनर?” आम्ही मान हलवली. “वरवरच लागलंय असं वाटतं. तरी कंपनीच्या वर्कशॉपात एकदा दाखवून घ्या. खात्री असलेली बरी.”

नंतर त्याने बाकीचे काम नव्याने सुरू केले. गाडी सावलीत घेतली. सगळ्या पट्ट्या सोडवल्या, जुनी टेप खरवडली, नवी लावली. “पॉलिशवर काहीच चिकटत नाही, मामा. त्यात सिलिकॉन असतं.” आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे निम्मे मिसळून त्याने डॅशबोर्ड दोनदा पुसला; दर वेळी स्वच्छ फडके घेऊन, एकाच दिशेने. मग टेपचा कागद न सोलता प्रत्येक तुकडा नुसता जागेवर ठेवून पाहिला. कडेने सगळीकडे सारखी फट सुटते का, झरोका मोकळा राहतो का, कप्प्याचे झाकण अडते का, बटण दाबले जाते का. जागा पक्की झाली की कागदी टेपने खुणा केल्या.

त्यानंतरची युक्ती पाहून आम्ही थक्क झालो. त्याने मागच्या टेपचा कागद फक्त दोन टोकांना बोटभर सोलला आणि ती टोके कानांसारखी बाहेर दुमडून ठेवली. पट्टी खुणांवर ठेवली. नजर खाली नेऊन तपासली. मग पट्टी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ते कान हळूहळू ओढले. कागद आतून सरकत बाहेर आला आणि पट्टी जागच्या जागी बसली, केसभर हलली नाही. मग मधून कडेकडे अंगठ्याने दाबत नेली, मनात तीसपर्यंत मोजत. “एका दिवसात बहुतेक घट्ट होते. पूर्ण पकड धरायला तीन दिवस लागतात. तोवर गाडी धुऊ नका, उन्हात उभी करू नका.”

किटात डॅशबोर्डाच्या माथ्यावर लावायचाही एक चकचकीत तुकडा होता. तो त्याने लावलाच नाही. “याची झळक समोरच्या काचेत दिसते. दुपारी रस्ता दिसायचा नाही.” शेवटी गिअरभोवतीची चौकट राहिली. ती त्याने आमच्या हातात दिली. “ही तुम्ही लावा, मामा.” आम्ही कान दुमडले, खुणेवर ठेवले, कागद ओढताना हात थरथरला. त्याने आमच्या मनगटाखाली आपला हात धरला. चौकट बसली. बरोबर बसली. बावीस वर्षांत लाखो रुपयांचे ताळेबंद जुळवले असतील. पण त्या वीतभर चौकटीची कड जुळली तेव्हा झालेला आनंद वेगळा होता.

चहा पिताना आम्ही प्रथमच विचारले, “हे सगळं शिकलास कुठं?” तो म्हणाला, “सुरुवात पप्पांकडं.” दाजींची टॅक्सी होती, प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्याच कारखान्यात बनलेली. १९९९ साली रस्त्यावर आली. तिच्या कप्प्याच्या झाकणावर दाजींनी लाकडी रेघांची सनमायका सोल्युशनने चिकटवली होती, हे आम्हाला आठवत होते. शाळकरी भाचा तेव्हा सनमायकेची कड कानशीने घासत बसायचा. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. त्या मुदतीपायी २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी शहरातून कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरून लिहिले. दाजींची मात्र २०१९ सालीच भंगारात गेली होती. नव्या गाडीचे कर्ज काढण्याचे त्यांचे वय राहिले नव्हते, डोळ्यांनाही कमी दिसू लागले होते. घरात पैसा येणे थांबले. “तेव्हा मी दुकानात लागलो,” भाचा म्हणाला. एवढेच. आवाजात तक्रार नव्हती.

आम्हाला घोट गिळवेना. २०१९! ज्या वर्षी टॅक्सी गेली, त्याच वर्षी त्याने कॉलेज सोडले. दोन्ही गोष्टी आम्हाला ठाऊक होत्या. हिशेब तपासणे हा आमचा पोटाचा धंदा, आणि या दोन नोंदी आम्ही कधी समोरासमोर मांडल्या नाहीत. कुणाच्याही मुलाची फी भरायला वस्तीत दारोदार फिरणारा हा माणूस ताईच्या दारात जाऊन ‘घरात काय शिजतं’ एवढे विचारू शकला नाही. पेनाने लिहिणारा मोठा आणि पेचकस धरणारा छोटा, ही उतरंड आपण इतरांना मोडायला सांगतो. आमच्या डोक्यात ती शाबूत होती, आणि तिच्यावर आम्ही समाजकार्याची पट्टी चिकटवली होती.

“चुकलं रे,” आम्ही म्हणालो. “त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो. आज तुझ्या मामीसमोर आणि बहिणीसमोर सांगतो, चुकलं.” भाचा कपातल्या चहाकडे पाहत राहिला. कन्येने उठून त्याच्या बशीत आणखी दोन बिस्किटे ठेवली. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मामा, तुमची गिअरची चौकट चांगली बसली हां.”

निघताना आम्ही त्याला फिटिंगचे पैसे दिले. घेईना. आम्ही म्हणालो, “मामाकडून खाऊ घेऊ नकोस. ही मजुरी आहे, कामाची.” तेव्हा त्याने नोटा मोजून खिशात ठेवल्या. पुढे शिकायचे का, हेही आम्ही विचारले. पूर्वीचे आम्ही असतो तर फॉर्म घेऊनच गेलो असतो. तो म्हणाला, मोटारीच्या वायरिंगचे रीतसर शिक्षण घ्यायची इच्छा आहे, पण रात्रीचे जमले तर. सध्या आम्ही दोघे मिळून चौकशी करीत आहोत. ठरवणार तो आहे.

वर्कशॉपात दाखवले, झाकण शाबूत आहे, धोका नाही असे सांगितले. डाग मात्र राहिला. बाकी सगळीकडे लाकडाची वलये झळकतात, आणि शेजारच्या आसनासमोर तळहाताएवढा पांढरट डाग आहे. तेथे काहीही चिकटवता येत नाही, त्यामुळे तो झाकता येत नाही. गाडीत बसणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय झाले? आम्ही प्रत्येकाला सगळे सांगतो, पहिल्यापासून. आता सांगायची सवय झाली आहे.